गोळी दिल्यावर गोचीड कधी मरते?

कुत्र्याला गोचिडीची गोळी द्यावी, रात्री निवांत झोपावे आणि सकाळी उठून पाहावे तर कालपेक्षा जास्त गोचिडी अंगावर फिरताना दिसाव्यात, असा अनुभव पुष्कळांना येतो. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात मुकाट चिकटून बसलेल्या गोचिडी आता पाठीवर आणि कपाळावर चालताना दिसतात, एखाददुसरी फरशीवर उताणी पडलेली असते. मालक दवाखान्यात फोन लावून तक्रार करतो, "डॉक्टर, गोळी लागूच पडली नाही." बहुतेक वेळा झालेले असते नेमके उलटे. गोळी लागू पडली आहे, म्हणून तर गोचिडी जागच्या हलल्या आहेत.

"गोळी किती वेळात काम करते?" हा प्रश्न साधा वाटतो. औषधांच्या माहितीपत्रकांत त्याचे उत्तरही आकड्यांत दिलेले असते. कुठे ८ तास, कुठे १२, कुठे २४, कुठे ४८. घोळ असा की हे सगळे आकडे एकाच गोष्टीचे नसतात. एक हिशेब गोळी पोटात गेल्यापासून सुरू होतो आणि तो असतो आधीच चिकटलेल्या गोचिडींचा. दुसरा हिशेब पुढच्या महिन्याभरात एखादी नवी गोचीड येऊन चावते, त्या क्षणापासून सुरू होतो. लोक विचारतात ते पहिल्याबद्दल. कुत्र्याचा जीव बहुतेक वेळा अवलंबून असतो तो दुसऱ्यावर.

आधी गोळीत काय असते ते पाहू. आज गोचिडीवर तोंडाने द्यायची म्हणून जी औषधे मिळतात, ती जवळपास सगळी एकाच घराण्यातली आहेत. या घराण्याचे नाव आयसॉक्सॅझोलिन. त्यातले फ्लुरालॅनर हे रसायन जपानच्या निस्सान केमिकल या कंपनीच्या संशोधनातून पुढे आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१३ मध्ये ॲफॉक्सोलॅनरला, म्हणजे नेक्सगार्डला परवानगी दिली. २०१४ मध्ये फ्लुरालॅनर ब्रॅव्हेक्टो या नावाने बाजारात आले, २०१६ मध्ये सॅरोलॅनर (सिम्पारिका) आणि २०१८ मध्ये लोटिलॅनर (क्रेडेलिओ). त्याआधी पोटात द्यायच्या गोळ्या नव्हत्या असे नाही, पण त्यांचा भर पिसवांवर होता. नायटेनपायरमची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारायला सुरुवात करते आणि गोचिडीला मात्र हातही लावत नाही. लुफेन्युरॉन पिसवांची अंडी वाढू देत नसे, एवढेच. गोचिडीसाठी मानेवर टाकायचे थेंब, पट्टा, पावडर किंवा औषधी पाण्याची अंघोळ हेच उपाय होते. गेल्या दहा-बारा वर्षांत हे चित्र पार बदलले.

हे औषध मारते कसे? मज्जातंतू उत्तेजित झाला की त्याला शांत करणारी एक व्यवस्था प्रत्येक प्राण्यात असते. गाबा नावाचा रेणू मज्जापेशीवरची क्लोराइडची दारे उघडतो, क्लोराइड आत शिरते आणि पेशी थंडावते. गोचिडीत आणि कीटकांत हेच काम ग्लुटामेटही करते. आयसॉक्सॅझोलिन ही दारे बंद करून टाकते. मग मज्जातंतू शांत होत नाहीत, स्नायू आखडतात, पाय थरथरतात, चाल बिघडते आणि शेवटी लकवा येऊन गोचीड मरते. अशी दारे कुत्र्यातही असतात आणि माणसातही, पण या रसायनाची पकड गोचिडीच्या आणि कीटकांच्या दारांवर कितीतरी पटींनी घट्ट बसते. औषध सुरक्षित ठरते ते या फरकामुळे. मरण्याआधीची ही धडपड म्हणजेच सकाळी मालकाला दिसलेली वर्दळ. काही गोचिडी तर मेल्यावरही गळून पडत नाहीत, सुकून तिथेच लटकून राहतात. त्यामुळे अंगावर गोचीड दिसली एवढ्यावरून ती जिवंत आहे असे धरून चालू नये. पाय हलतात का, अंग चपटे आणि कोरडे झाले आहे का, हे पाहावे.

आता पहिला हिशेब. गोळी चावून गिळली की ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते आणि तिथे प्रथिनांना चिकटून फिरत राहते. ॲफॉक्सोलॅनरची रक्तातली पातळी दोन ते चार तासांत शिखरावर पोचते. सॅरोलॅनरचे आणि लोटिलॅनरचेही साधारण तसेच. फ्लुरालॅनरला जवळपास एक दिवस लागतो. पण शिखर गाठण्याची वाट गोचीड पाहत नाही. मारायला पुरेल एवढी मात्रा त्याच्या बरीच आधी रक्तात आलेली असते. युरोपात आढळणाऱ्या आयक्सोडिस रिसिनस या गोचिडीवर फ्लुरालॅनरची चाचणी झाली, तेव्हा गोळी दिल्यापासून ४ तासांत ८९.६ टक्के, ८ तासांत ९७.९ टक्के आणि १२ तासांत सगळ्या गोचिडी मेलेल्या आढळल्या. युरोपीय माहितीपत्रकांनुसार, अंगावर आधीपासून असलेल्या याच जातीच्या गोचिडी लोटिलॅनरने ८ तासांत मरतात आणि सॅरोलॅनरने २४ तासांत. थोडक्यात, आज संध्याकाळी गोळी दिली तर उद्या संध्याकाळपर्यंत जुन्या गोचिडींचा निकाल लागायला हवा. दोन पूर्ण दिवसांनंतरही टपोऱ्या, रक्त पिऊन फुगलेल्या जिवंत गोचिडी सापडत असतील, तर कुठेतरी चुकले आहे.

बहुधा चुकते ते जेवणात. फ्लुरालॅनर आणि लोटिलॅनर अन्नाबरोबर द्यायचे असते, ही सूचना कागदावर असते आणि कागद खोक्यातच राहतो. लोटिलॅनर जेवणाबरोबर दिले तर सुमारे ८२ टक्के औषध रक्तात पोचते, उपाशीपोटी दिले तर २४ टक्के. पैसे पूर्ण गोळीचे मोजले आणि कुत्र्याला मिळाली पाव. फ्लुरालॅनरही भरल्या पोटी उपाशीपोटीच्या दुप्पट किंवा जास्त शोषले जाते. ॲफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनरला जेवणाची अट नाही. दुसरी चूक वजनाची. गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार येतात. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे तुकडे करायचे आणि घरातल्या तीन लहान कुत्र्यांना वाटायचे, ही काटकसर आपल्याकडे सर्रास चालते. किमती पाहता तिच्यामागचे कारण समजते, पण तुकड्यात औषध किती आले हे कोणालाच सांगता येत नाही. तिसरी शक्यता, कुत्र्याने अंगणात जाऊन गोळी ओकून टाकली आणि कोणी पाहिले नाही. या औषधांचा सर्वांत जास्त दिसणारा त्रास उलटी हाच आहे, म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन तास कुत्रा नजरेसमोर ठेवावा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. ही गोळी गोचिडीला कुत्र्यापासून लांब ठेवत नाही. औषध रक्तात असते, तेव्हा ते मिळवण्यासाठी गोचिडीला आधी चावावेच लागते. पिसू चावताक्षणी रक्त ओढू लागते, म्हणून ती या गोळ्यांनी झटपट मरते. गोचिडीचे काम संथ. ती जागा शोधते, सोंड कातडीत रोवते, सिमेंटसारखा चिकट स्राव सोडून स्वतःला पक्के करून घेते, मग लाळ सोडत आणि थोडे थोडे रक्त पीत बसते. मादी कित्येक दिवस अशी अंगावर राहते आणि रक्ताचा मोठा घोट घेते तो अगदी शेवटच्या दिवसात. म्हणून नव्या गोचिडीच्या पोटात मारक मात्रा जायला काही तास लागणारच. माहितीपत्रकात पिसवांसमोर कमी तास आणि गोचिडीसमोर जास्त तास दिसतात त्याचे कारण गोचिडीच्या जेवणाच्या सवयीत आहे, औषधाच्या दुबळेपणात नाही.

दुसऱ्या हिशेबाची खरी गंमत मात्र महिना उलटल्यावर कळते. आधी सांगितलेल्या त्याच फ्लुरालॅनरच्या चाचणीत कुत्र्यांवर काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा नव्या गोचिडी सोडल्या गेल्या आणि ८ तासांनी मोजणी झाली. चौथ्या आठवड्यात ९६.८ टक्के मेल्या होत्या, आठव्यात ८३.५ टक्के आणि बाराव्यात ४५.८ टक्के. १२ तासांनी मोजले तर मात्र बाराही आठवडे आकडा ९८ टक्क्यांच्या वरच राहिला. म्हणजे औषध संपले नव्हते, फक्त मंदावले होते. रक्तातली मात्रा उतरत गेली की गोचिडीला तेवढेच विष मिळवायला जास्त वेळ प्यावे लागते. "तीन महिने चालते" या वाक्यात ही घसरण दिसत नाही, कारण परवाना देताना मोजणी सहसा २४ किंवा ४८ तासांनी होते आणि तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक गोचिडी मेल्या असल्या की औषध पास. हा निकष चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो गोचीड मेली की नाही एवढेच विचारतो. मरण्याआधी तिने कुत्र्याला काय दिले, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा.

आणि आपल्याकडे तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. गोळ्यांच्या वेगाविषयी जे दिलासे दिले जातात, त्यांचा उगम युरोप-अमेरिकेत आहे. तिथली मोठी धास्ती लाइम रोगाची. त्याचा बोरेलिया हा जंतू गोचिडीच्या आतड्यात असतो. ती रक्त पिऊ लागल्यावर तो लाळग्रंथींकडे निघतो आणि कुत्र्याच्या अंगात शिरायला त्याला साधारणपणे एक ते दोन दिवस लागतात. २४ तासांत गोचीड मेली तर लाइम बहुतेक टळला. हिशेब चोख जमतो. पण आयक्सोडिस रिसिनस ही महाराष्ट्रातल्या कुत्र्यांवरची गोचीड नव्हे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, नागपूरच्या बंगल्यांत, गोव्याच्या अंगणांत कुत्र्यांवर दिसते ती मुख्यतः ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, म्हणजे तपकिरी श्वान-गोचीड, आणि तिच्यासोबत येणारे जंतू वेगळ्या वेगाने चालतात.

त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध एर्लिकिया कॅनिस. १९३५ मध्ये अल्जीरियात डोनॅशिअन आणि लेस्टोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले वर्णन केले. जगाचे लक्ष तिकडे गेले ते व्हिएतनाम युद्धात. अमेरिकी सैन्याची शंभराहून अधिक कुत्री, त्यांतली बरीचशी जर्मन शेफर्ड, नाकातून रक्तस्राव होऊन या रोगाने दगावली. आपल्याकडे मालक आणि डॉक्टर ज्याला "टिक फिव्हर" म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच किंवा बॅबेसिया. एर्लिकियाबाबत प्रयोगांत असे आढळले आहे की गोचीड चिकटल्यापासून अवघ्या ३ तासांत तो कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो. आता हे ३ तास गोळ्यांच्या ८, १२, २४ तासांशेजारी ठेवून पाहा. जगातली सर्वांत वेगवान गोळीही ही शर्यत दर वेळी जिंकेल असे सांगता येत नाही.

बॅबेसियाची गोष्ट थोडी बरी. त्याला गोचिडीच्या लाळग्रंथींत परिपक्व व्हायला साधारण दोन दिवस लागतात, तेवढ्यात गोळी आपले काम उरकू शकते. फ्लुरालॅनर दिलेल्या कुत्र्यांवर बॅबेसिया कॅनिस बाळगणाऱ्या गोचिडी सोडल्या तेव्हा ती कुत्री वाचली आणि औषध न दिलेली आजारी पडली. हेपॅटोझून हा तिसरा जंतू मात्र चावण्यातून येतच नाही. कुत्रा अंग चाटता-चाटता गोचीड गिळतो, त्यातून तो पोटात जातो.

मग गोळी द्यायची कशाला? द्यायचीच. रोगाची शक्यता कुत्र्याला किती गोचिडी किती वेळ चावतात यावर वाढते-घटते. शंभर गोचिडी आठवडाभर रक्त पीत बसणे आणि पाच गोचिडी अर्धा दिवस बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय गोळीने मेलेली मादी अंडी घालत नाही, आणि घरातल्या गोचिडींचा कणा मोडतो तो तिथेच. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. ती अंडी कुत्र्यावर नसतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीवर चढते आणि दाराच्या चौकटीची फट, पडद्याची घडी, पंख्याच्या स्विचबोर्डामागची भेग अशा जागी अंडी घालते. ही जात जंगलापेक्षा घरात जास्त सुखी असते. तिची पिल्ले, किशोर आणि प्रौढ या तिन्ही अवस्था कुत्र्यावरच पोसल्या जातात आणि प्रत्येक अवस्थेनंतर ती खाली उतरते. खायला न मिळता प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरते. म्हणून पहिल्या गोळीनंतर दोन-अडीच महिने कुत्र्याच्या अंगावर अधूनमधून नव्या गोचिडी दिसत राहिल्या तर ते भिंतीतले जुने देणे फिटत असते. या काळात गोळीची तारीख चुकवणे म्हणजे केलेले सगळे पाण्यात घालणे. ब्रॅव्हेक्टोच्या बाबतीत तर आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेत तपकिरी श्वान-गोचिडीसाठी त्याला १२ आठवड्यांची मान्यता आहे, युरोपच्या परवान्यात याच गोचिडीसमोर ८ आठवडे लिहिले गेले. गोचिडींचा उच्छाद असलेल्या घराने १२ आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहावी की नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

ज्या भागात टिक फिव्हर सतत आढळतो, तिथे गोळीच्या जोडीला गोचिडीला चावण्याआधीच पळवून लावणारा पट्टा वापरण्याचा सल्ला काही डॉक्टर देतात. डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिन असलेले पट्टे हे काम करतात. मला हा सल्ला पटतो, कारण एर्लिकियाच्या ३ तासांवर खरे उत्तर न चावू देणे हेच आहे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचे थेंब कुत्र्यालाही टाकताना सांभाळावे. मांजरांसाठी ते जीवघेणे असते.

सुरक्षिततेचे दोन शब्द. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की आयसॉक्सॅझोलिन गटातल्या औषधांनी काही प्राण्यांना थरथर, तोल जाणे किंवा झटके असे त्रास झाले आहेत. बहुसंख्य कुत्र्यांसाठी ही औषधे सुरक्षितच मानली जातात, पण ज्याला पूर्वी कधी फीट आली असेल त्या कुत्र्याला डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती देऊ नयेत. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना तर नाहीच. गोळी महाग म्हणून कोणी स्वस्तात आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचून देत असेल तर नकार द्या. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातल्या दोषामुळे ते औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो.

गोळी काम करीपर्यंत हाताला लागलेल्या गोचिडी काढायला हरकत नाही. चिमट्याने कातडीलगत पकडावे, सरळ ओढावे, साबणाच्या पाण्यात टाकावे. रॉकेल, टर्पेंटाइन, पेटती काडी हे घरगुती उपाय सोडून द्यावेत. त्यांनी गोचीड जास्त लाळ ओकते आणि कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळीच. नखाने चिरडू तर अजिबात नये, कारण गोचिडीतून माणसालाही ताप येऊ शकतो.

गोळी दिली त्या दिवसाची तारीख आणि कुत्र्याचे वजन फाइलवर लिहून ठेवा. एर्लिकिया अंगात गेल्यावर लक्षणे दिसायला ८ ते २० दिवस लागतात, तोवर चावलेली गोचीड केव्हाच मरून गेलेली असते. गोळी दिल्यानंतरच्या तीन आठवड्यांत कुत्र्याने जेवण सोडले, अंग तापले, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या किंवा नाकातून रक्त आले, तर "गोळी दिली आहे, आता गोचिडी नाहीत" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट किती आहेत ते पाहा. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर यातली बहुतेक कुत्री बरी होतात.